टर्बो गेला असं म्हणण्याआधी: पिकअप हरवलेल्या गाडीची तपासणी

गोव्यातल्या केरीहून चोर्ला घाटाच्या चढाला लागलं, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला, इंजिनाचा आवाज वाढला, पण गाडी ओढतच नाही. अशी तक्रार गॅरेजात गेली की बरेचदा बॉनेट उघडायच्या आधीच निकाल लागतो: टर्बो गेला. नवा टर्बो बसतो, मोठं बिल होतं आणि महिन्याभरात तीच तक्रार परत येते. कारण टर्बो स्वतःहून मरतो तो क्वचितच. फाटलेली नळी, अडकलेला वेस्टगेट (बूस्ट आवरणारी झडप), दमलेला प्लग, बंद पडलेला कूलंट पंप किंवा चुकीचं ऑइल यांपैकी काहीतरी त्याच्या आधी बिघडलेलं असतं.

पोलो जीटी टीएसआय, व्हर्टस जीटी, आय२० एन लाइन, अल्ट्रोझ रेसर, जुनी अबार्थ पुंटो, या सगळ्यांत १ ते १.५ लिटरचं इंजिन हजार-बाराशे किलोची गाडी ओढतं. बूस्ट, म्हणजे टर्बोने इंजिनात दाबून भरलेली हवा, नसेल तर उरतं ते फक्त लहान इंजिन, म्हणून थोडी गळतीसुद्धा लगेच जाणवते. ही तपासणी पेट्रोल गाड्यांसाठी आहे. डिझेलच्या बदलत्या पात्यांच्या (व्हीजीटी) टर्बोचं तंत्र वेगळं, त्यात इथे शिरलेलो नाही.

आधी तक्रार नीट ओळखा

आरपीएम चढतो पण वेग चढत नाही, असं असेल तर टर्बोला हात लावू नका, क्लच घसरतोय. ड्राय क्लचच्या सात-स्पीड डीएसजीत (फोक्सवॅगन-स्कोडाचा दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स) ही गफलत हमखास होते. गाडी अचानक मंदावली आणि बंद करून पुन्हा सुरू केल्यावर ठीक चालली, तर ती लिंप मोडमध्ये गेली होती, म्हणजे इंजिन वाचवायला संगणकाने ताकद कमी केली होती, आणि बिघाडाचा कोड साठलेला असणार. जोर लावल्यावर झटके देते, मिसिंग मारते, पण हळू चालवली तर शांत, मग संशय प्लग-कॉइलवर. सकाळी छान पळते आणि दुपारी म्हापशाच्या गर्दीतून बाहेर पडल्यावर मरगळते, तर उष्णता. महिनोन्महिने हळूहळू दम कमी होत गेला असेल तर एअर फिल्टर, व्हॉल्व्हवरचा कार्बन किंवा तुंबलेला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (एक्झॉस्टमधला धूर शुद्ध करणारा भाग). जोर लावताना आधी नव्हता तो ‘फुस्स’ आवाज येऊ लागला, तर गळती जवळपास पक्की.

स्कॅनर लावा, पण कोड लगेच पुसू नका

साधा ईएलएम३२७ ब्लूटूथ स्कॅनर आणि फोनवरचं ॲप एवढ्यावर बरंच काम होतं. फोक्सवॅगन-स्कोडासाठी व्हीसीडीएस किंवा ओबीडीइलेव्हन हे खास स्कॅनर असतील तर उत्तम, कारण त्यात मागितलेलं बूस्ट आणि मिळालेलं बूस्ट वेगवेगळं दिसतं. कोड वाचून आधी लिहून घ्या, सोबतचा फ्रीझ फ्रेमही. त्या क्षणी आरपीएम किती होता, इंजिन किती तापलं होतं, हे तिथेच कळतं. पुसलंत की पुरावा गेला.

पी०२९९ म्हणजे बूस्ट कमी पडतंय, पी०२३४ म्हणजे जास्त होतंय. पी०२४३ वेस्टगेट सोलेनॉइडच्या वायरिंगकडे बोट दाखवतो. पी०३०० पासूनचे कोड मिसफायरचे, शेवटचा आकडा सिलिंडरचा. पी०१७१ म्हणजे मिश्रणात पेट्रोल कमी, पी००८७ म्हणजे फ्युएल रेलमध्ये (इंजेक्टरना पेट्रोल पुरवणाऱ्या नळीत) दाब कमी. पी०२९९ आला म्हणून टर्बो बदलायचा नसतो. तो कोड फक्त सांगतो की संगणकाने मागितलेला दाब पोचला नाही. का पोचला नाही, ते आपण शोधायचं.

पुढची परीक्षा फुकटची आहे. इग्निशन ऑन, इंजिन बंद, आणि मॅप सेन्सरचा, म्हणजे इंजिनात जाणाऱ्या हवेचा दाब मोजणाऱ्या सेन्सरचा, आकडा पाहा. पणजी, मडगाव, वास्को सगळंच समुद्रसपाटीजवळ, त्यामुळे आकडा १०० किलोपास्कलच्या आसपास यायला हवा. पावसाळी हवेत एखाद-दुसरा कमी. घाटमाथ्यावर, साधारण ८०० मीटर उंचीवर, तो ९२ च्या आसपास उतरतो आणि ते नैसर्गिकच आहे. पणजीत उभ्या गाडीचा सेन्सर ९० दाखवत असेल तर सेन्सरच खोटं बोलतोय आणि पुढचे सगळे आकडे फसवे ठरतील.

आता चढावर लॉग घ्या. चोर्ला घाट किंवा मोलेहून अनमोडकडे जाणारा चढ त्यासाठी चांगला, कारण चढावर दुसऱ्या गिअरमध्येच इंजिनावर पूर्ण भार येतो आणि वेग साधारण साठच्या आत राहतो. सपाट महामार्गावर हीच परीक्षा घ्यायला तिसऱ्या गिअरमध्ये शंभरच्या जवळ जावं लागतं. ते करू नका. इंजिन पूर्ण तापलेलं, एसी बंद, समोर रस्ता मोकळा, शेजारी फोन सांभाळायला दुसरा माणूस. दुसरा गिअर, १,५०० आरपीएमपासून पूर्ण ॲक्सिलरेटर, ४,५०० पर्यंत. ऑटोमॅटिक असेल तर मॅन्युअल मोड, आणि पॅडल किकडाउनच्या टप्प्याच्या अलीकडेच थांबवा, नाहीतर गिअर बदलेल आणि लॉग वाया जाईल. नोंदवायचं ते असं: आरपीएम, मॅप, मागितलेलं बूस्ट, थ्रॉटलचा (इंजिनात हवा सोडणाऱ्या झडपेचा) कोन, इनटेक हवेचं तापमान, इग्निशन टायमिंग (ठिणगी पडण्याची वेळ), दोन्ही फ्युएल ट्रिम (संगणक पेट्रोलच्या मात्रेत करतो ती तात्कालिक आणि दीर्घकालीन दुरुस्ती, टक्क्यांत) आणि रेलचा दाब.

आता लॉगमध्ये एकच प्रश्न विचारा: संगणकाने बूस्ट मागितलं का?

मागितलं आणि मिळालं नाही, तर दोष हवेच्या वाटेत किंवा वेस्टगेटमध्ये. मागितलंच नाही, तर संगणक इंजिन वाचवतोय आणि टर्बो निर्दोष आहे. या दोन वाटा वेगळ्या केल्या नाहीत तर माणूस अंदाजाने सुटे भाग बदलत बसतो. साध्या ॲपमध्ये ‘मागितलेलं’ दिसत नसेल तर थ्रॉटलचा कोन पाहा. पॅडल पूर्ण दाबलेलं असताना संगणक थ्रॉटल अर्ध्यावर आणत असेल, तर ती दुसरी वाट.

मागितलं, पण मिळालं नाही

सुरुवात एअर फिल्टरपासून. डिचोली, साखळी, उसगाव भागात ट्रकांची लाल धूळ फिल्टरमध्ये इतकी बसते की पुस्तिकेतल्या किलोमीटरची वाट पाहण्यात अर्थ नाही. तिकडे रोज फिरणाऱ्या गाडीचा फिल्टर निम्म्या अंतरातच बदला. एअरगनने फुंकून परत बसवलेला कागदी फिल्टर बाहेरून स्वच्छ दिसतो, पण त्याच्या कागदाला बारीक भोकं पडू शकतात आणि ती धूळ थेट कंप्रेसरच्या पात्यांवर जाते. पावसाळ्यात बॉक्स उघडून फिल्टर ओला नाही ना ते पाहा. ओला कागद फुगतो, हवा अडवतो, आणि लॉग टर्बो दमल्यासारखाच दिसतो.

मग नळ्या. शेवटच्या सर्व्हिसमध्ये जो जोड उघडला होता तिथूनच शोध सुरू करा. क्लिपवाल्या जोडातली रबरी रिंग बसवताना दुमडते आणि दाब वाढला की सुटते, उभ्या गाडीत काही दिसत नाही. उंदीर हा दुसरा गुन्हेगार. पावसात उबेला बॉनेटखाली येऊन तो बारीक व्हॅक्यूम नळ्या कुरतडतो, आणि बोटाएवढ्या नळीला पडलेलं एक भोक वेस्टगेटचा अख्खा हिशेब बिघडवतं.

डोळ्याला न दिसणारी गळती दाबाने शोधायची. गॅरेजात स्मोक मशीन असेल तर सोपं. नसेल तर टर्बोकडे येणाऱ्या नळीच्या मापाचं पीव्हीसी एंड कॅप घ्या, मधे भोक पाडून ट्यूबलेस टायरचा व्हॉल्व्ह बसवा, झालं साधन. इंजिन थंड, इग्निशन बंद. फिल्टर बॉक्सकडची नळी काढा, कॅप बसवून क्लॅम्प आवळा. क्रँककेसकडून (इंजिनाच्या खालच्या, ऑइलच्या भागातून) येणारी पीसीव्हीची, म्हणजे तिथली वाफ परत नेणारी, नळी त्याच भागात जोडलेली असेल तर ती काढून ते तोंड बुजवा, नाहीतर सगळा दाब क्रँककेसमध्ये जाऊन ऑइल सील बाहेर ढकलेल. मग पायपंपाने ०.३ ते ०.५ बार, म्हणजे साधारण ४ ते ७ पीएसआय. यापुढे जायची गरज नसते आणि जाऊही नका. साबणपाणी फवारत टर्बोपासून थ्रॉटलपर्यंत प्रत्येक जोड पाहा: नळ्यांची दोन्ही टोकं, इंटरकूलरच्या (टर्बोने तापलेली हवा थंड करणाऱ्या रेडिएटरच्या) प्लॅस्टिक टाकीची कड, डायव्हर्टर व्हॉल्व्ह (ॲक्सिलरेटर सोडल्यावर जादा दाब सोडणारा), मॅप सेन्सरची ओ-रिंग. ऑइल भरायच्या झाकणातून थोडी हवा सुसू करत येईल, कारण एखाद्या सिलिंडरचा व्हॉल्व्ह उघडा असतो. तिला घाबरू नका. बुडबुडे मोठे दिसले तिथेच काम आहे.

गळती मिळाली नाही तर वेस्टगेट. टर्बाइनकडे जाणारा एक्झॉस्ट वळवणारी ही झडप पूर्ण मिटली नाही तर टर्बो फिरतो, पण दाब तयार करत नाही. समुद्राच्या खाऱ्या हवेत, विशेषतः कळंगूट, बागा, कोलवा अशा किनारपट्टीत उघड्यावर उभ्या राहणाऱ्या गाडीत, झडप हलवणाऱ्या ॲक्चुएटरचा दांडा आणि त्याची बिजागरी गंजते. गाडी आठवड्यातून एकदाच निघत असेल तर अधिकच. अबार्थ पुंटोसारख्या हवेच्या दाबावर चालणाऱ्या ॲक्चुएटरला हातपंपाने दाब द्या: दांडा साधारण ०.३ ते ०.६ बारच्या दरम्यान सरकायला लागला पाहिजे, न अडखळता जाऊन परत आला पाहिजे आणि दाब मिनिटभर टिकला पाहिजे. दाब गळाला तर डायफ्रॅम फाटला. दांड्याच्या नटाशी मात्र खेळू नका. नट आवळून ‘बूस्ट वाढवलेल्या’ गाड्यांमध्येच नंतर पी०२३४ येतो.

टीएसआयच्या इलेक्ट्रिक ॲक्चुएटरला हातपंप चालत नाही. स्कॅनरवरून त्याला उघड-मिट करायला लावा आणि कान द्या. मिटताना घट्ट ठोका ऐकू यायला हवा. बिजागरीत ढिलाई असेल तर थंड इंजिनात, ॲक्सिलरेटर सोडताना खडखड ऐकू येते. ॲक्चुएटर बदलला किंवा दांडा काढला तर स्कॅनरने नव्याने जुळवणी करावीच लागते, नाहीतर नवा भागही जुन्यासारखाच वागतो. गंजलेल्या बिजागरीवर डब्ल्यूडी-४० मारून गाडी दोन दिवस पळते, कारण ते तापमान वाढलं की जळून जातं. आधी गंज सोडवणारं द्रव वापरा, मग ग्रॅफाइट किंवा सिरॅमिकचं उच्च तापमानाचं वंगण. हे काम इंजिन पूर्ण थंड असतानाच करा. टर्बाइनचं घर जोरात चालवल्यावर कित्येक शे अंशांपर्यंत तापतं.

मागितलंच नाही

इथे पहिला संशय उष्णतेचा. बाहेर ३३ अंश असताना गाडी पळत असेल तर इनटेक हवेचं तापमान ४५-५० च्या आत राहायला हवं. पर्वरीच्या कोंडीत उभी असताना ६० च्या वर जाणं साहजिक, पण मोकळ्या रस्त्यावर दोन-तीन मिनिटांत ते उतरलं पाहिजे. उतरत नसेल तर इंटरकूलर कसा आहे त्यावर पुढचं अवलंबून. बंपरमागे हवेने थंड होणारा असेल तर टॉर्च घेऊन पाहा. त्याच्या पातळ पत्र्यांमध्ये (फिन्समध्ये) लाल चिखल वाळून बसलेला असतो. आतून बाहेरच्या दिशेने, हलक्या पाण्याने धुवा. प्रेशर वॉशरची नळी जवळ नेलीत तर फिन्स वाकतील आणि मग ते सरळ करत बसा.

बऱ्याच टीएसआय (फोक्सवॅगन-स्कोडाच्या टर्बो पेट्रोल) इंजिनांत इंटरकूलर इनटेक मॅनिफोल्डमध्येच (सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या भागात) असतो, पाण्याने थंड होणारा, आणि त्याचा छोटा इलेक्ट्रिक पंप वेगळा. हा पंप मेला की गाडी पहिली पाच मिनिटं मस्त पळते, मग मरगळते, आणि इंजिनाचा तापमापक मात्र अगदी बरोबर. स्कॅनरच्या आउटपुट टेस्टमधून पंप चालवा. हाताला थरथर लागली पाहिजे. कूलंट नुकताच बदलला असेल तर त्या वाटेत हवा अडकलेली असू शकते. नव्या पंपाची ऑर्डर द्यायच्या आधी ती काढून पाहा.

दुसरा संशय ठोठावण्याचा, म्हणजे नॉकिंगचा (सिलिंडरात पेट्रोल अवेळी पेटण्याचा). लॉगमध्ये जोर लावताना टायमिंग एकदम मागे येत असेल तर दोन टाक्या ९५ ऑक्टेनचं प्रीमियम पेट्रोल भरा आणि तोच चढ पुन्हा नोंदवा. फरक पडला तर पेट्रोल किंवा कार्बन. थेट इंजेक्शनच्या इंजिनात पेट्रोल इनटेक व्हॉल्व्हवरून जात नाही, म्हणून तिथे ऑइलच्या वाफेचा काळा थर बसत जातो. टाकीत ओतायची कोणतीही बाटली तो काढू शकत नाही, कारण ती तिथपर्यंत पोचतच नाही. मॅनिफोल्ड काढून अक्रोडाच्या सालीच्या भुशाने साफ करणं हाच उपाय. अबार्थच्या १.४ टी-जेटला ही कटकट नाही. तिचे इंजेक्टर पोर्टमध्ये आहेत.

तिसरा प्लगचा, आणि इथे सगळ्यात स्वस्तात सगळ्यात जास्त सुधारणा मिळते. दाब वाढला की ठिणगीला उडी मारणं कठीण होतं, म्हणून झिजलेला प्लग आयडलला बिनतक्रार चालतो आणि बूस्टमध्ये हार मानतो. बऱ्याच टर्बो इंजिनांत फट ०.७ ते ०.८ मिलिमीटर असते. पुस्तिकेतला आकडा अंतिम. इरिडियम प्लगचं टोक ठोकून फट जुळवू नका. संगणकाला मिसफायर दिसला की तो बूस्ट कापतो आणि दोष टर्बोच्या माथी जातो. कॉइलची शहानिशा फुकट होते: पहिल्या सिलिंडरची दुसऱ्यावर टाका, पी०३०१ चा पी०३०२ झाला तर कॉइल दोषी. कॉइल आणि सेन्सरचे कनेक्टर उघडून हिरवट गंज आहे का तेही पाहा. किनाऱ्यावरच्या गाडीत चेसिसकडे जाणारी अर्थची पट्टीही त्याच खाऱ्या हवेने खाल्लेली असते.

फ्युएल ट्रिम वाचताना दोन गोष्टी ध्यानात ठेवा. ई२० पेट्रोलमुळे लाँग टर्म ट्रिम तीन-चार टक्के वर जाणं हा दोष नाही. इथेनॉलला त्याच हवेत जास्त इंधन लागतं. आणि गळतीचा परिणाम गाडीच्या सेन्सरवर ठरतो. मास एअरफ्लो सेन्सरच्या गाडीत कंप्रेसरनंतरची हवा गळली तर संगणकाने मोजलेली हवा इंजिनात पोचतच नाही, मिश्रणात पेट्रोल जास्त होतं आणि ट्रिम उणे जातो. फक्त मॅपवर चालणाऱ्या गाडीत ट्रिम जवळपास शांत राहतो आणि टर्बो मात्र जास्त फिरून दमतो. ‘ट्रिम बरोबर आहे म्हणजे गळती नाही’ हे वाक्य म्हणून अर्धंच खरं.

इंजिन ३,५०० च्या वर चढायलाच तयार नसेल तर कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तपासा. त्याच्या आधीचा ऑक्सिजन सेन्सर काढून तिथे प्रेशर गेज लावा. २,५०० आरपीएमवर दोन-तीन पीएसआयपेक्षा जास्त दाब दिसला तर वाट तुंबली आहे. तो का तुंबला हेही शोधा, बहुधा जुनाच मिसफायर.

खुद्द टर्बो

इथवर काही सापडलं नाही तरच इनलेट नळी काढून शाफ्ट बोटाने हलवा. आजूबाजूला किंचित हललं तर चालेल. बेअरिंगमध्ये ऑइलचा थर असतो, थंड इंजिनात ती फट जाणवते. पुढे-मागे हललं तर बोटाला कळता कामा नये. पाती घराला घासल्याच्या खुणा, वाकलेलं टोक किंवा कडा खाल्लेल्या असतील तर निकाल लागला. नळीत ऑइलचा पातळ थर नेहमीचा. डबकं साचलेलं असेल तर आधी पीसीव्ही आणि टर्बोची ऑइल परत जाणारी नळी तपासा. ती तुंबली की उत्तम टर्बोसुद्धा सीलमधून ऑइल सोडतो आणि सायलेन्सरमधून निळा धूर येतो.

बदलायचाच झाला तर टर्बोसोबत ऑइल पुरवठ्याची नळी, बँजो बोल्ट (ती नळी जोडणारा पोकळ बोल्ट) आणि सगळी गॅस्केट नवी घ्या. जुन्या नळीत जळलेल्या ऑइलचा कोळसा असतो आणि नवा टर्बो लवकर मरतो तो त्यानेच. इंटरकूलर आणि नळ्या पूर्ण साफ करा. तुटलेल्या पात्याचा तुकडा मागे राहिला तर तो इंजिनात जाईल. ऑइल आणि फिल्टर बदला. टर्बोच्या ऑइल येणाऱ्या तोंडात थोडं ऑइल ओतून शाफ्ट हाताने फिरवा, मग पेट्रोल तोडून दहा-दहा सेकंद क्रँक करा, दाबाचा दिवा विझेपर्यंत. सुरू झाल्यावर काही मिनिटं आयडल, रेस नाही.

ऑइल पुस्तिकेतल्या दर्जाचंच घ्या. डब्यावर नुसतं ५डब्ल्यू-४० लिहिलेलं पुरत नाही, कंपनीचा मंजुरी क्रमांक पाहा. रोज घर-ऑफिस दहा किलोमीटर चालणारी गाडी ऑइल नीट तापवतच नाही, त्यात पेट्रोल आणि पाणी मिसळतं. अशा गाडीला ७,५०० किलोमीटर किंवा वर्ष, जे आधी येईल ते. चवथीच्या आधीच्या पावसात रस्त्यावर पाणी साचलेलं असताना गाडी मधेच बंद पडली, तर पुन्हा स्टार्ट मारू नका. आधी फिल्टर बॉक्स उघडा. पाणी दिसलं तर प्लग काढून मगच इंजिन फिरवायचं. नाहीतर कनेक्टिंग रॉड वाकेल आणि टर्बोचा प्रश्न फार छोटा वाटेल.

रिमॅप केलेल्या, म्हणजे संगणकाचं सॉफ्टवेअर बदलून ताकद वाढवलेल्या, गाडीला हे सगळं दुपटीने लागू. चांगल्या गाडीवरच स्टेज वन (रिमॅपची पहिली पायरी) चढवा. गळकी नळी आणि जुने प्लग असलेल्या इंजिनाला जास्त बूस्ट मागितलं तर ते लिंप मोडचीच भेट देईल. सात-स्पीडच्या ड्राय क्लच डीक्यू२०० गिअरबॉक्सची मर्यादा २५० न्यूटन-मीटर आहे. व्हर्टस जीटीचं १.५ टीएसआय कारखान्यातूनच २५० देतं. म्हणजे त्या डीएसजी गाडीत रिमॅपने वाढलेला प्रत्येक न्यूटन-मीटर थेट क्लचच्या खात्यात जमा होतो, आणि पुढे घसरणारा क्लच ‘टर्बो गेला’ म्हणून गॅरेजात येतो.